पोरीच्या लग्नाची घाई करू नका

सुरतेतल्या लिंबायत, डिंडोली, उधन्याच्या मराठी वस्तीतल्या मायबहिणींनो, आपल्यात कुणी उघड काढत नाही असा विषय आज मी काढते आहे.

पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचा जीव मुलावर नाही, मुलीवर जडला आहे, हे एक दिवस तुमच्या कानावर येतं. बहुतेक वेळा ती स्वतः सांगत नाही. मोबाइलमधला मेसेज कुणाच्या तरी हाती लागतो. मग घरात धावपळ उडते. शाळा बंद, मोबाइल बंद, धुळे-नंदुरबारकडचं स्थळ बघा आणि उन्हाळ्यात गावी नेऊन अक्षता टाका. कुणी भगताचं नाव सुचवतं.

यातलं काहीही करू नका. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. लग्नाने पोरगी बदलत नाही, उलट तिच्यासोबत दुसऱ्या घरचा एक मुलगाही विनाकारण अडकतो. ‘औषधाने सरळ करतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठून या. असे उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तुम्हाला हे कळत नसेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मदुराईच्या, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणी २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात संरक्षण मागायला गेल्या होत्या. घरच्यांनी पोलिसांत तक्रारी दिल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आदेशातच लिहिलं, की हा विषय मलाही अजून पुरता उमगलेला नाही. मग ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेतलं आणि त्यानंतर निकाल दिला. आईबापांनाही समुपदेशनाला पाठवलं. एवढा मोठा माणूस शिकायला बसतो, तर आपणही बसू शकतो.

आणि पोरी, तुझ्याशीही बोलायचं आहे. स्वतःला कुठलं नाव द्यायचं, हे आजच ठरवायची सक्ती नाही. वयात येताना मन इकडेतिकडे धावतं. पण पुन्हा पुन्हा तेच वाटत असेल, तर स्वतःला घाण समजू नकोस. आपल्याच सुरतेत २०१३ मध्ये अशा माणसांनी रस्त्यावर उघडपणे मोर्चा काढला होता. सज्ञान माणसांचं असं प्रेम २०१८ पासून गुन्हा नाही. लग्नाची मान्यता मात्र २०२३ मध्येही मिळाली नाही, हेही तुला ठाऊक असावं.

घरी मारहाणीची भीती असेल तर आधी मावशी, शाळेतल्या बाई, अशा एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाला सांग. मोबाइलवर ओळख झालेल्या कुणाला एकटी भेटू नकोस, फोटो पाठवू नकोस. शिक्षण सोडू नकोस. अठराच्या आत लग्न लावत असतील तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन कर, मारहाण झाली तर १८१ अभयम या महिला हेल्पलाइनला. रात्री जीव घाबरला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.