रेट आधी सांगा

गायत्रीनगरच्या आयटी पार्कात कंत्राटावर काम करणाऱ्या पोरापोरींना रिक्रूटर धड जगू देत नाहीत. जावा येणाऱ्याला जावास्क्रिप्टची जागा सांगतात, क्लायंटचं नाव अन् रेट विचारला की टोलवाटोलवी सुरू. त्यात दोन एजन्सींनी एकाच जागेसाठी बायोडेटा पाठवला, तर कंपनी वादात पडत नाही, उमेदवारालाच बाद करते. ‘उद्या कळवतो’ म्हणून मग फोनच न उचलणं मला सगळ्यात अपमानास्पद वाटतं. बिलंही महिनोन्महिने लटकतात. स्वतःच्या नावाने बिल करणाऱ्यांनो, काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करा. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल, सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह.