बिनव्याजी पन्नास दिवस : अट एकच, पण ती पुरती समजून घ्या

दिल्ली, गाझियाबाद, फरीदाबाद, गुडगाव या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या मराठी रेल्वे व टपाल कामगारांना सध्या एक प्रश्न पडला आहे. किशनगंजच्या रेल्वे वसाहतीत, तुघलकाबादच्या लोको शेडजवळ, गोल डाकखान्याच्या परिसरात किंवा फोनवरून क्रेडिट कार्ड विकणारी मंडळी भेटतात. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते, "साहेब, पन्नास दिवस बिनव्याजी!" शाखासभांतून सभासद आम्हाला विचारतात की हे खरे आहे काय? व्याजाशिवाय पैसे देणारी बँक कोणी पाहिली आहे?

आमचे उत्तर असे की, गोष्ट खरी आहे. तिला अट मात्र एकच आहे. बिलावर लिहिलेली पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेच्या आत भरली गेली पाहिजे. ही अट पाळणाऱ्याला कार्ड कामाचे आहे. ती एकदा जरी चुकली तरी तेच कार्ड पठाणी व्याजाच्या दारात नेऊन उभे करते. हिशेब कळला की भीतीही राहत नाही आणि भूलही पडत नाही, म्हणून तो आज येथे मांडत आहोत.

समजा, एखाद्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि ते भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५ आहे. १६ ऑगस्टला घेतलेली वस्तू १५ सप्टेंबरच्या बिलात येईल आणि तिचे पैसे ५ ऑक्टोबरपर्यंत द्यायचे. हे झाले पन्नास दिवस. पण तीच वस्तू १४ सप्टेंबरला घेतली तर ती त्याच १५ सप्टेंबरच्या बिलात येते आणि पैसे त्याच ५ ऑक्टोबरला द्यावे लागतात. म्हणजे मुदत मिळाली फक्त एकवीस दिवसांची. तेव्हा "पन्नास दिवस" म्हणजे "जास्तीत जास्त पन्नास दिवस". बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर मुदत सर्वांत मोठी आणि बिलाच्या आदल्या दिवशी केली तर सर्वांत लहान. कार्ड वापरणाऱ्या प्रत्येकाला आपल्या बिलाची तारीख आणि भरण्याची तारीख या दोन तारखा आपल्या ड्युटीच्या रोस्टरइतक्या पाठ असल्या पाहिजेत.

आता अट मोडली तर काय होते ते पाहू. कोणी १६ ऑगस्टला २०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. ५ ऑक्टोबरला हाताशी पैसे नव्हते, म्हणून बिलावर छापलेली "किमान देय रक्कम" १,००० रुपये भरली. त्याला वाटले, बँकेचे तोंड बंद झाले, आता उरलेल्या १९,००० रुपयांवर ५ ऑक्टोबरपासून व्याज लागेल. तसे होत नाही. पूर्ण रक्कम न भरल्यामुळे व्याजमुक्त मुदतच रद्द होते आणि सर्वसाधारण अटींप्रमाणे व्याज खरेदीच्या तारखेपासून, म्हणजे १६ ऑगस्टपासून मोजले जाते. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे सालीना ४२ टक्के, हा कार्डांवर सर्रास दिसणारा दर आहे. केवळ न भरलेल्या १९,००० रुपयांवर १५ ऑक्टोबरपर्यंतच्या साठ दिवसांचे व्याज झाले सुमारे १,३१२ रुपये. घरकर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, पण कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. ते सुमारे २३६ रुपये. एकूण १,५४८. म्हणजे आपल्या माणसाने हजार रुपये भरले आणि त्याचे देणे २०,००० वरून २०,५४८ वर गेले!

एवढ्यावर भागत नाही. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ६ ऑक्टोबरला घेतलेल्या किराण्यावर ६ ऑक्टोबरपासूनच व्याज सुरू. तांदूळ शिजायच्या आधी त्यावर व्याज चढू लागते. मागची बाकी फेडून बिल पूर्ण भरले की मगच मुदत पुन्हा सुरू होते.

ही गोष्ट कोणी लपवून ठेवलेली आहे असे नाही. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांविषयी जे निर्देश काढले आणि जे १ जुलै २०२२ पासून लागू झाले, त्यांत बँकांना स्पष्ट बजावले गेले की मागील बिलाची बाकी असल्यास व्याजमुक्त मुदत स्थगित होते, हे महत्त्वाच्या अटींमध्ये उदाहरणासह सांगितले पाहिजे. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढते, हा इशाराही प्रत्येक बिलावर ठळक छापायला सांगितले. बिल मिळाल्यावर भरणा करण्यासाठी किमान पंधरवडा मिळाला पाहिजे, मागितल्याशिवाय कोणाच्या माथी कार्ड मारता कामा नये, ही कलमेही त्यांत आहेत. पण हा सारा मजकूर बारीक इंग्रजीत असतो आणि आमचा गँगमन, ट्रॅकमेंटेनर, पोस्टमन बंधू तो वाचणार कधी? विकणारा मात्र हिंदीत, मराठीत गोड बोलतो. आमचा आक्षेप येथे आहे. विक्री ज्या भाषेत होते त्याच भाषेत अटही सांगितली गेली पाहिजे.

मग बँक हे कशासाठी करते? प्रत्येक खरेदीमागे दुकानदाराकडून कमिशन कापले जाते. कार्डाची वार्षिक फी असते. आणि सर्वांत भरघोस कमाई होते ती पूर्ण बिल न भरू शकणाऱ्यांकडून. वेळेवर पूर्ण भरणाऱ्याला जी फुकट मुदत मिळते, तिचा मोठा भार तंगीत सापडलेला दुसरा ग्राहक उचलत असतो. ज्याच्या खात्यात पैसे आधीच आहेत त्याला उधारी फुकट, आणि ज्याला उधारीची खरी गरज आहे त्याला ती ४२ टक्क्यांनी. या व्यवहाराचे मर्म एवढेच आहे.

या व्याजाला काही मर्यादा असावी की नाही, याचा झगडा याच दिल्ली शहरात सोळा वर्षांहून अधिक चालला. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निकाल दिला की, वेळेवर पूर्ण रक्कम न भरणाऱ्या कार्डधारकाकडून सालीना ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निकाल रद्द ठरवला. बँकांच्या व्याजदराचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे काम आहे, उभयपक्षी मान्य झालेल्या कराराच्या अटी आयोगाला बदलता येणार नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. न्यायालयाचा निकाल आम्ही मानतो. पण त्याचा अर्थ कामगाराने नीट ध्यानी घ्यावा. ३० टक्क्यांची ती भिंत आता नाही. कार्डाच्या फॉर्मवर सही केली की जो दर लिहिला असेल तो आपण मान्य केला, असे धरले जाते.

आमच्या चळवळीला हा विषय नवा नाही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनवर आपले ना. म. जोशी सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने नोंदवले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या, कारखान्याच्या दाराशी काठी घेऊन उभा राहणारा सावकार त्या काळी सर्वांना ठाऊक होता. त्या विळख्यातून सुटण्यासाठीच कामगारांनी आपल्या सहकारी पतपेढ्या उभ्या केल्या. पश्चिम रेल्वेच्या कामगारांची जॅक्सन पतपेढी हे त्याचे जुने आणि नामांकित उदाहरण. आजचा सावकार दाराशी काठी घेऊन उभा राहत नाही, तो खिशातल्या पाकिटात येऊन बसतो. म्हणून पतपेढीचे महत्त्व आजही तेवढेच आहे. फ्रिज घ्यायचाच असेल आणि पैसे सहा महिन्यांनी फिटणार असतील, तर आधी पतपेढीचा व्याजदर विचारा.

आणखी एक गोष्ट सरकारला विचारली पाहिजे. कामगाराला बिनव्याजी पैसे देण्याची एक रीत सरकारकडेच होती. फेस्टिव्हल ॲडव्हान्स, म्हणजे सणासाठीची उचल, पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेतली जाई आणि तिच्यावर एक पैसा व्याज नव्हते. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून २०१६ मध्ये ती बंद झाली. कोविडच्या साथीत, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ती एकदाच म्हणून जाहीर केली. १०,००० रुपये, बिनव्याजी, दहा हप्त्यांत फेड. पण तेव्हा बाजारात खप वाढावा हा हेतू होता आणि रक्कम रुपे कार्डावर घालून ३१ मार्च २०२१ च्या आत खर्च करायची होती. गरज बाजाराची होती तेव्हा उचल मिळाली. गरज कामगाराची असते तेव्हा का मिळू नये? गणपती, दिवाळी आणि दिल्लीहून गावी जायचा खर्च दरवर्षी येतोच. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली २०२५ मध्ये आठवा वेतन आयोग नेमला गेला. सणाची बिनव्याजी उचल पुन्हा सुरू करावी, ही आमची मागणी आहे आणि प्रत्येक शाखेने तसा ठराव करून पाठवावा.

कर्ज आमच्या नोकरीलाही चिकटते, हे विसरून चालणार नाही. रेल्वे सेवा वर्तणूक नियम १९६६ आणि टपाल खात्याला लागू असलेले केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४, दोन्हींतील नियम १७ सांगतो की कर्मचाऱ्याने आपले खाजगी व्यवहार असे सांभाळावेत की सवयीचा कर्जबाजारीपणा आणि नादारी टळेल. कर्जवसुलीचा दावा लागला तर ताबडतोब खात्याला कळवणेही बंधनकारक आहे. म्हणजे बँकेचा तगादा चार्जशीटपर्यंत पोहोचू शकतो.

तेव्हा जे कार्ड वापरतात, त्यांच्यासाठी आमच्या काही रोखठोक सूचना.

पहिली, आपला पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होतो, फक्त मार्चचा पगार एप्रिलमध्ये येतो. म्हणून भरण्याची तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पडेल असे पाहा. बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क कार्डधारकाला दिला गेला आहे. २५ तारखेला बिल भरायचे असेल तर तोवर पगार संपलेला असतो.

दुसरी, बँक खात्यातून आपोआप भरणा लावताना फॉर्मवर "पूर्ण रक्कम" आणि "किमान रक्कम" असे दोन पर्याय असतात. खूण "पूर्ण रक्कम" वरच करा.

तिसरी, कार्डाने एटीएममधून रोख कधीही काढू नका. रोख रकमेला बिनव्याजी मुदत एक दिवसाचीही नाही. काढल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

चौथी, २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. चहा, भाजी, रिक्षा सारे उधारीवर होते आणि खर्च झाल्याचे कळत नाही. महिन्याला जेवढे पैसे खात्यात बाजूला काढून ठेवले असतील, तेवढाच कार्डाचा खर्च करा. बँकेने दिलेली दोन लाखांची मर्यादा ही आपली मिळकत नव्हे.

पाचवी, शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावू नये असा नियम झाला आहे. पण या तीन दिवसांवर विसंबून राहू नका. शेवटची तारीख सुट्टीत, दौऱ्यात किंवा रनिंग ड्युटीत येत असेल तर चार दिवस आधीच भरा.

सहावी, बाकी आधीच साचली असेल तर कार्ड बाजूला ठेवा, नवी खरेदी थांबवा आणि पतपेढीच्या कमी व्याजाच्या कर्जातून ती एकदाची फेडून टाका. हिशेब चुकीचा वाटला तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी पडत नाही.

शाखांच्या पदाधिकाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. पुढच्या मासिक सभेत अर्धा तास या विषयाला द्या. एखाद्या सभासदाचे बिल त्याच्या संमतीने फळ्यावर मांडा, दोन्ही तारखांना गोल करा आणि वरचा हिशेब सर्वांसमोर करून दाखवा. विशेषतः नव्याने भरती होऊन महाराष्ट्रातून इकडे आलेल्या तरुणांना हाक मारा. पहिला पगार हाती पडताच त्यांच्याकडे पहिले कार्ड येते. कर्जात अडकलेल्या सभासदाची कोणी चेष्टा करू नये. लाजेने तो गप्प बसतो आणि गप्प बसला की व्याज वाढते.

पन्नास दिवसांची मुदत ही उधारीच आहे, पगारवाढ नव्हे. पगारवाढ, महागाई भत्ता आणि सणाची उचल या गोष्टी आपल्याला कार्ड विकणारा देणार नाही. त्या संघटनेच्या बळावर मिळवायच्या आहेत. तोवर बिल पूर्ण भरा, वेळेवर भरा, आणि जेवढे पूर्ण भरता येईल तेवढेच खर्च करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!