पहिला तोच खरा?

मराठी नाट्यरसिकांच्या मनात एक सिद्धांत इतका खोल रुजला आहे की, त्याचा पुरावा कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. तो सिद्धांत असा : एखादी भूमिका ज्या नटाने प्रथम गाजविली, ती कायमची त्याची झाली, पुढे ती भूमिका करणारा दुसरा कोणीही असो, तो फार तर त्याच्या गादीवरचा मुनीम, आणि बहुधा चोरच. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा गिरगावातील साहित्य संघाच्या नाट्यगृहात एखादे जुने नाटक नव्या संचात लागले की, तिसरी घंटा होण्यापूर्वीच त्याचा निकाल लागलेला असतो. मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता निकालपत्राचे जाहीर वाचन तेवढे होते. 'त्यांची सर नाही' हे त्याचे पहिले वाक्य आणि 'असा पुन्हा होणे नाही' हे शेवटचे. मधला मजकूर, म्हणजे नव्या नटाने काय केले, कोठे साधले, कोठे चुकले, हा लिहिण्याचे श्रम कोणी घेत नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, हा सिद्धांत इतिहासाला सोडून आहे, रंगभूमीला घातक आहे, आणि ज्या थोर नटांच्या प्रेमापोटी तो मांडला जातो त्यांनाही कमीपणा आणणारा आहे.

प्रथम इतिहास पाहू. मराठी रंगभूमीवरील 'पुन्हा न होणाऱ्या' नटांमध्ये अग्रपूजेचा मान बालगंधर्वांचा, ह्याविषयी वाद नाही. पण बालगंधर्व आले कोठून? 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेत लोकांपुढे उभे राहिले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' त्यापूर्वी पंचवीस वर्षे, म्हणजे 1880 पासून, रंगभूमीवर होते. 'सौभद्रा'तील भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेने महाराष्ट्राला वेड लावले होते, आणि 1901 साली भाऊराव गेले तेव्हा आता हे संपलेच असे म्हणणारे रसिक थोडेथोडके नसतील. त्याच मंडळीत, त्याच वेषात, त्याच पदांसह हा तरुण मुलगा उभा राहिला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर बालगंधर्व हे 'बदली कलाकार' होते. त्या वेळच्या प्रेक्षकांनी आमचा आजचा सिद्धांत कडकपणे अमलात आणला असता, तर आज ज्यांच्या नावाने आम्ही उसासे टाकतो ते बालगंधर्व आम्हांस लाभलेच नसते.

'मानापमाना'ची हकीकत ह्याहून बोलकी आहे. 1911 साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे हे नाटक रंगभूमीवर आणले तेव्हा धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. ते त्याच वर्षी वारले. आता आमच्या सिद्धांताप्रमाणे धैर्यधरही त्यांच्याबरोबरच जावयास हवा होता. प्रत्यक्षात काय झाले? दहा वर्षांनी, 8 जुलै 1921 रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी ह्या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. मराठी नाटकाच्या इतिहासात त्या रात्रीइतकी कीर्ती क्वचितच दुसऱ्या प्रयोगाला मिळाली असेल. आणि त्या रात्रीचा धैर्यधर पहिला नव्हता! तिकिटासाठी धडपडणाऱ्या लोकांनी 'नानासाहेबांची सर नाही' म्हणून घरचा रस्ता धरला नाही. नवा धैर्यधर भामिनीसमोर कसा उभा राहतो, हे पाहावयासच ते आले होते. तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर 1921 मध्ये, केशवरावही गेले. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांनी चालविली, आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी. दीपस्तंभ कोसळले म्हणून नौका बंदरात नांगरून ठेवण्याची रीत आमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हती.

कोणी म्हणेल, ती संगीत नाटके. तेथे पदे होती, चाली होत्या, गाणारा बदलला तरी गाणे राहिले. बरे, गद्य नाटक घ्या. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' 1970 साली गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर हा आमच्या रंगभूमीचा अभिमान आहे, आणि तो असावाच. परंतु लागूंच्या नंतर दत्ताराम आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. एका पिंडाचा दुसरा नव्हता. जुन्या नाटक मंडळ्यांच्या वातावरणात वाढलेला नट जेव्हा थकलेल्या नटाची भूमिका करतो, तेव्हा त्या थकव्याला वेगळाच अर्थ येतो. बुद्धीने भूमिका उलगडणारा नट तीच वाक्ये बोलतो तेव्हा वेगळा. बेलवलकर ह्या माणसात एवढी जागा आहे, हे आम्हांला पहिल्या नटाने सांगितले नाही. एकटा नट ते सांगू शकतच नाही. ते पुढच्यांनी सांगितले. 'ती फुलराणी'तील मंजुळा 1975 साली भक्ती बर्वे ह्यांनी उभी केली. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी ह्यांनी ती केली. पु. ल. देशपांड्यांनी जिच्यावरून मंजुळा घडविली ती शॉची एलायझा तरी एकीची कोठे राहिली? 1914 साली लंडनमध्ये ती करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल ह्यांचे वय तेव्हा पन्नाशीला टेकले होते! त्यांच्यानंतर दुसऱ्या कोणी एलायझा करू नये असे ठरले असते, तर जगाला पुढच्या एलायझा मिळाल्या नसत्या आणि आम्हांला मंजुळाही नाही.

आता थोडे समुद्रापलीकडे पाहू. इंग्लंडात बीबीसीने 23 नोव्हेंबर 1963 रोजी 'डॉक्टर हू' नावाची एक वैज्ञानिक कल्पनारम्य मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली. काळातून हवे तेथे प्रवास करणारा एक परग्रहवासी 'डॉक्टर' हा तिचा नायक. तीन वर्षांत नायकाचे काम करणाऱ्या विल्यम हार्टनेल ह्यांची प्रकृती साथ देईना. मालिका लोकप्रिय होती, आणि नट तर बदलणे भाग. निर्मात्यांनी युक्ती काढली : हा प्राणी माणूस नव्हेच, जर्जर झालेले शरीर टाकून नवे धारण करणे हा त्याचा धर्मच. 1966 साली पॅट्रिक ट्रॉटन नव्या चेहऱ्याने, नव्या स्वभावाने तोच डॉक्टर होऊन आले. तेव्हापासून एकामागून एक डॉक्टर झाले. मालिका 1989 साली बंद पडली आणि 2005 साली पुन्हा उभी राहिली. आम्ही गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत तोंडपाठ म्हणणारे लोक. पण आत्मा तोच ठेवून देह बदलण्याची कल्पना आमच्या नाटकवाल्यांना नव्हे, तर लंडनच्या दूरचित्रवाणीवाल्यांना उपयोगी पडली!

तेथेही रसिकांची भांडणे चालतातच. कोणाला सात वर्षे काम करणारे टॉम बेकर तेवढे खरे वाटतात, कोणाला आणखी कोणी. 2017 साली जोडी व्हिटेकर ह्या अभिनेत्रीची निवड जाहीर झाली तेव्हा डॉक्टर बाई कशी असेल म्हणून मोठा गदारोळ झाला. (आमच्याकडे शकुंतला पुरुष असे, त्याचे कोणाला काही वाटत नसे, उलट 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या तेव्हा ती नवलाची गोष्ट ठरली!) पण ह्या भांडणांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बहुतेक प्रेक्षकाला त्याने लहानपणी जो डॉक्टर पाहिला तोच खरा वाटतो; आणि हे तेथील रसिक हसत हसत कबूलही करतात.

आमच्याकडील कबुली कोठे आहे? 'पहिला तोच खरा' ह्याचा खरा अर्थ 'मी पहिल्याने पाहिला तोच खरा' एवढाच असतो. लागूंना पाहिले त्या वेळी आम्ही पंचवीस वर्षांचे होतो, नोकरी नवी होती, शेजारच्या खुर्चीवर नवपरिणीत पत्नी होती, आणि वडील घरी जिवंत होते. त्या रात्रीतील किती भाग नटाचा आणि किती आमच्या वयाचा, ह्याची वाटणी कोणता रसिक करतो? नव्या नटापाशी आम्ही मागतो ते अभिनय नव्हे, आमचे गेलेले तारुण्य मागतो. ते तो देऊ शकत नाही, म्हणून त्याला नापास करतो. हा न्याय नव्हे.

प्रतिपक्षाचे दोन आक्षेप मात्र वजनदार आहेत. पहिला असा की, पुष्कळ नवे नट अभिनय करीत नाहीत, नक्कल करतात. खरे आहे. हल्ली जुन्या प्रयोगांच्या ध्वनिचित्रफिती घरोघर पाहावयास मिळतात. नव्या नटाने तालमीपूर्वी ती फीत शंभर वेळा पाहिलेली असते, आणि प्रेक्षकाने एकशे एक वेळा. पण ह्या नकलेचा जनक कोण? मूळ नटाहून हाताची एक हालचाल वेगळी केली की ज्या प्रेक्षकागारातून चुळबूळ ऐकू येते, तेथे नट नक्कल करणार नाही तर काय करील? वेगळे केले तर 'हे ते नव्हे', आणि तसेच केले तर 'ही नक्कल'. दीनानाथ मंगेशकरांनी बालगंधर्वांची गायकी उचलली नाही, स्वतःची वाट पाडली. ती वाट चालू देणारा प्रेक्षकही त्या काळी होता, हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप निर्मात्यांवर आहे आणि तो आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. जाहिरातीत नाटकाचे नाव मोठ्या टाइपात, जुन्या नटाची आठवण त्याहून मोठ्या टाइपात, आणि आज काम करणाऱ्याचे नाव भिंगातून शोधावे लागते. कित्येकदा मालिकेतील ओळखीचा चेहरा एवढ्याच पात्रतेवर भूमिका दिली जाते. हा व्यापार आहे, परंपरा नव्हे. नव्या नटावर विश्वास असेल तर त्याचे नाव ठळक छापा. नसेल तर नाटक लावू नका. पण निर्मात्याच्या लबाडीची शिक्षा नटाला देणे हा 'चोर सोडून संन्याशाला सुळी' असा प्रकार होय.

ह्या बाबतीत शहाणपण शिकावयाचे असेल तर पांढरपेशांनी परळ-लालबागकडे पाहावे. गिरणगावातील कामगार रंगभूमीवर भूमिका ही कोणा एकाची मालमत्ता कधीच नव्हती. नटाला रात्रपाळी लागली की त्याची भूमिका दुसऱ्याकडे जाई; गावी पेरणीला गेला की तिसऱ्याकडे. गिरगावच्या चाळींतील गणेशोत्सवांतही यंदाची सिंधू पुढल्या वर्षी तळीराम होत असे. त्या प्रेक्षकांना नट कमी प्रिय होते असे नव्हे. त्यांना नाटक अधिक प्रिय होते.

आणि येथेच खरा धोका आहे. ज्या भाषेत भूमिका नटाबरोबर चितेवर जाते, त्या भाषेत नाटक दीर्घायुषी होत नाही. बर्बेज 1619 साली वारला म्हणून इंग्रजांनी 'हॅम्लेट' मिटून ठेवले नाही. म्हणून तर आगरकरांना ते मराठीत आणता आले आणि गणपतराव जोशांना ते गाजविता आले. आज आमच्या मुलांना देवल, खाडिलकर, गडकरी हे पाठ्यपुस्तकातील उताऱ्यापुरतेच माहीत आहेत, अशी तक्रार आम्ही करतो. त्यांनी ती नाटके पाहावी कोणाकडून? जे गेले ते येत नाहीत, आणि जे आहेत त्यांना आम्ही उभे राहू देत नाही. रसिकांनी पुढल्या वेळी जुने नाटक नव्या संचात लागेल तेव्हा एवढेच करावे : घरातील तरुण मंडळींना बरोबर न्यावे, आणि प्रयोग संपल्यावर आपले मत सांगण्यापूर्वी त्यांचे विचारावे. त्यांच्यापुढे त्या रात्री उभा राहिलेला नट हा पहिलाच असतो.