एमएच बारा, मुक्काम बेंगळुरू

बेंगळुरूतल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या दुचाकी पार्किंगमध्ये नंबरप्लेटा वाचत एक चक्कर मारा. भारताचा नकाशाच उभा असतो तिथे! केएल, टीएन, एपी, डब्ल्यूबी आणि अधूनमधून आपली एमएच बारा, एमएच चौदा, एमएच नऊ. एमएच नऊ दिसली की मी हमखास रेंगाळते. कोल्हापूरचं कोणी भेटलं तर तांबड्या रश्श्याबद्दल दोन शब्द बोलून घ्यावेत, एवढाच स्वार्थ. पण हल्ली या प्लेटा बघताना एक प्रश्न मनात येतो. यातल्या किती गाड्या इथे पाहुण्या म्हणून आल्यात आणि किती गाड्यांनी इथे चक्क बिऱ्हाड केलंय?

हा प्रश्न डोक्यात शिरला तो आमच्या भाच्यामुळे. ताईचा मुलगा नोकरीसाठी इकडे आला आणि मागोमाग त्याची मोटरसायकल आली, रेल्वेच्या पार्सलने, टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून. पहिल्या पगारानंतर हप्त्यावर घेतलेली गाडी आहे, त्यामुळे तिच्यावर जीव फार. आता तिला इथे येऊन वर्ष होत आलंय. वर्ष झालं की काय करायचं, यावर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस परिसंवाद चालला होता. (लग्नाच्या वेळी हॉल ठरवतानाही इतकी चर्चा झाली नव्हती.)

काकांचं म्हणणं, भारत एकच आहे ना, मग पुन्हा टॅक्स कसला? भावोजींनी नेहमीप्रमाणे व्यवहारी तोडगा काढला. अकरा महिने झाले की एकदा पुण्याला चक्कर मारायची, वाटेतल्या पेट्रोल पंपाच्या पावत्या जपून ठेवायच्या, कोणी विचारलं तर "गेल्या महिन्यातच आणलीय" म्हणायचं. आणि एका चुलतभावाचा सल्ला होता, पकडलं तर कन्नड येत नाही म्हणून सांग, कंटाळून सोडतात.

मी ग्रुपवर गप्प बसले, कारण तिथे चार ओळींच्या वर कोणी वाचत नाही. म्हणून हे इथे सविस्तर.

आधी काकांचा मुद्दा. तो निम्मा खरा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्याचं ४६ वं कलम सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते, तिची दुसरीकडे पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. तुमचं लायसनही देशभर चालतं. म्हणजे पाहुण्याला कुठेच आडकाठी नाही. पण लगेच पुढचं ४७ वं कलम म्हणतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथल्या आरटीओकडे नव्या नंबरासाठी अर्ज करायचा. हे कलम केंद्राच्या कायद्यातलं आहे. कर्नाटकाने आपल्यावर रागावून केलेलं नाही. बेंगळुरूहून पुण्यात राहायला आलेल्या केए नंबरच्या गाडीलाही तेच लागू.

टॅक्सचं मात्र राज्याराज्यांत वेगळं आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरचा कर राज्यांच्या यादीत आहे. गाडी घेताना आपण एकरकमी रोड टॅक्स भरतो, तो महाराष्ट्राच्या तिजोरीत गेला. गाडी मात्र रोज बेंगळुरूच्या रस्त्यावर. टॅक्सचे पैसे थेट समोरच्याच खड्ड्यात जातात असं मी म्हणत नाही (गेले असते तर काय हवं होतं!), पण ज्या गावच्या सिग्नलवर, उड्डाणपुलावर आणि पार्किंगवर आपण वर्षानुवर्षं हक्काने जागा अडवतो, त्या गावाच्या खर्चात वाटा उचलायला हवा, इतपत मला पटतं.

आता भावोजींची युक्ती. त्यांची क्षमा मागून सांगते, ती मला पटत नाही. कायदा गाडी कुठे 'ठेवली' आहे ते विचारतो, ती शेवटची कुठे फिरून आली ते नाही. गणपतीला चार दिवस पुण्याला जाऊन आल्याने भाच्याचं बिऱ्हाड जसं पुण्याला हलत नाही, तसं गाडीचंही हलत नाही. पावत्यांची फाईल सांभाळत, दर चौकात पोलिस दिसला की छातीत धस्स होत गाडी चालवायची, ही कसली मजा? आणि मोठे लोक हेच मोठ्या प्रमाणावर करतात तेव्हा आपणच नावं ठेवतो. २०१७ साली केरळात गाजलेलं प्रकरण आठवा. केरळात राहणाऱ्यांनी महागड्या गाड्या पुद्दुचेरीत नोंदवल्या होत्या, कारण तिथे टॅक्स कमी. त्यांची किंमत कोटीत आणि आपली लाखात, पण हिशेब एकच.

पण म्हणून राज्य म्हणेल ते मुकाट्याने सोसावं असंही नाही. कर्नाटकाने २०१४ साली नियम केला होता की बाहेरची गाडी तीस दिवसांपेक्षा जास्त राहिली की पूर्ण लाईफटाईम टॅक्स भरायचा. तीस दिवस! एखादं ट्रेनिंग नाहीतर आईचं आजारपणसुद्धा त्यापेक्षा लांबतं. लोक कोर्टात गेले आणि २०१६ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. पावत्या जमवून हा नियम गेला असता का? ज्यांनी उघडपणे भांडण मांडलं, त्यांच्यामुळे आज आपल्या सगळ्यांना वर्षाची सवड मिळते.

तिसरा सल्ला, कन्नड येत नाही म्हणून सांगण्याचा. यावर मला जरा जास्त बोलायचंय. मध्यंतरी भाचा मित्राला मागे बसवून निघाला होता. मित्राच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. चौकात अडवलं, पाचशेची पावती फाडली. संध्याकाळी तणतणत आला, "अगं मावशी, एमएच बघून मुद्दाम धरतात! पुण्यात मागच्याला कोणी विचारत नाही."

मी विचारलं, "पुण्यात विचारत नाहीत, की पुण्यात नियम नाही?"

तर नियम आहे. कलम १२९, चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट, अख्ख्या देशात. दंडाची रक्कम राज्यागणिक बदलते. २०१९ च्या सप्टेंबरपासून केंद्राने हजार रुपये केली, कर्नाटकाने त्याच महिन्यात ती पाचशेवर आणली, महाराष्ट्राने नवे दंड लागू केले तेच मुळी २०२१ च्या डिसेंबरात. पण नियम एकच. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध समित्या निघाल्या, मोर्चे निघाले, त्यामुळे आपल्या पोरांना वाटतं की हेल्मेट ही कुणाची तरी स्थानिक लहर आहे. परगावी गेल्यावर आपण ज्याला 'इथला जाचक कायदा' म्हणतो, तो पुष्कळदा आपल्याच देशाचा साधा कायदा असतो, फक्त आपल्या गावात तो न पाळायची सवय पडलेली असते.

तेच नंबरप्लेटचं. मराठी आकड्यांत २१४ लिहून 'राम' वाचायचं किंवा ४१४१ चा 'दादा' करायचा, हे आपल्याकडे कौतुकाचं. मोटार वाहन नियमांप्रमाणे प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच हवेत, महाराष्ट्रातसुद्धा. मराठीवरचं माझं प्रेम तुम्हाला माहीतच आहे. पण अपघात करून पळणाऱ्या गाडीचा नंबर टिपायची वेळ आली तर तो कन्नड, तमिळ, मराठी, सगळ्यांना वाचता यायला नको का?

खरोखर स्थानिक असे नियमही असतात आणि ते पहिल्या मिनिटापासून लागू होतात, बाराव्या महिन्यापासून नव्हे. बेंगळुरू-म्हैसूर नव्या महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकीला बंदी आहे, बाजूच्या सर्व्हिस रोडने जायचं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, सागरी सेतूवर आणि अटल सेतूवरही दुचाकी चालत नाही. केरळचा एखादा मुलगा चुकून द्रुतगती मार्गावर चढला तर आपणच म्हणू ना, "यांना इथले नियम माहीत करून घ्यायला काय होतं?" तेच वाक्य इथे कन्नडमध्ये आपल्याबद्दल म्हटलं जातं. मला आता कळण्याइतकं कन्नड येतं, म्हणून सांगते.

शिवाय कागद नीट असण्याचं खरं कारण दंड नाहीच. २०२१ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका चोरीला गेलेल्या गाडीचा निकाल दिला. पंजाबात घेतलेली बोलेरो, मालक राजस्थानचा, गाडी जोधपूरहून चोरीला गेली. पॉलिसी चालू होती, पण तात्पुरत्या नोंदणीची मुदत नुकतीच संपलेली. विमा कंपनीने पैसे द्यायला नकार दिला आणि न्यायालयाने तो योग्य ठरवला. भाच्याची केस अगदी तशी नाही, त्याची नोंदणी पक्की आहे. पण कागदातली ढिलाई कधी अंगाशी येईल ते आधी कळत नसतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

असो. आता दुसरी बाजू, कारण भाच्याची चिडचिड सगळीच खोटी नाही. ही प्रक्रिया खरंच घाम काढते. कर्जावरची गाडी म्हणून आधी फायनान्स कंपनीचं पत्र, मग मूळ आरटीओची एनओसी, चासी नंबरवर पेन्सिल घासून घेतलेली छाप, मग इथे अर्ज, गाडीच्या वयाप्रमाणे इथला टॅक्स (आणि कर्नाटकाचा टॅक्स देशातल्या सगळ्यात जड टॅक्सांपैकी), आणि ते सगळं झाल्यावर नव्या नोंदणीचा कागद घेऊन पुण्यात उरलेल्या वर्षांच्या परताव्यासाठी अर्ज. आधी दुसऱ्यांदा भरा, मग पहिल्याचं मागा! भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, दोन वर्षांनी कदाचित हैदराबादला जाणाऱ्या पोराने हे दर वेळी करायचं?

यावर उपाय म्हणून २०२१ साली बीएच मालिका आली. नंबर देशभराचा, टॅक्स दोन-दोन वर्षांचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. कल्पना छान. पण ती सरकारी नोकरांना, सैन्यातल्यांना आणि ज्यांच्या कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत ऑफिसं आहेत अशांनाच. आमच्या भाच्याची कंपनी दोन शहरांतली. नोकरी बदलत गावोगाव फिरणाऱ्या तरुणांपैकी किती जण या चाळणीतून खाली पडत असतील!

मला विचाराल तर मागणी करावी ती इथे. २०१७ साली जीएसटी आला. पुण्यात तयार झालेला साबण बेंगळुरूत विकला गेला तर त्या करातला राज्याचा वाटा आपोआप कर्नाटकाला पोचतो, साबण घेणारा कुठल्याही कचेरीत जात नाही. साबणाच्या वडीचा कर स्वतःहून घर शोधतो, मग पंधरा वर्षांची नोंदणी असलेल्या मोटरसायकलचा का नाही? मालकाने पत्ता बदलल्याचं एकदा कळवावं, फरक असेल तो भरावा, बाकीचा हिशेब दोन राज्यांनी आपसात करावा. असं झालं तर पावत्यांची फाईल भावोजीसुद्धा फेकून देतील.

पण ते होईपर्यंत बारा महिन्यांच्या आत तीनच सरळ रस्ते आहेत. नोंदणी बदल, गाडी पुण्याला परत पाठव, नाहीतर विकून इथली घे. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण मावशी, एमएच बारा गेला की ती माझी गाडी वाटणारच नाही."

आता याला काय सांगणार? आमच्या पिढीतल्या बहुतेक जणींनी लग्नानंतर बँकेपासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे नाव बदललं. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, वैतागलो, पण आतलं माणूस तेच राहिलं. गाडीचाही चासी नंबर तोच राहतो बाळा. पुढच्या शनिवारी ये, आपण दोघं मिळून फॉर्म भरू. फायनान्स कंपनीला पत्र मात्र आजच टाक, त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.