सात-सहाचा फोटो

अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल आपल्यापेक्षा वेगळा. तिथे चेंडू छातीशी धरून पळतात. ली कॉर्सो त्या खेळाचे प्रशिक्षक. इंडियाना विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १९७३ ते १९८२ अशी दहा वर्षे शिकवले. सामने जिंकले ४१, हरले ६८! १९७६ साली बलाढ्य ओहायो स्टेटवर ७-६ अशी आघाडी मिळताच या गृहस्थांनी खेळ थांबवला आणि गुणफलक मागे घेऊन साऱ्या संघाचा फोटो काढवला. सामना ४७-७ ने गेला, फोटो राहिला. पुढे नोकरीही गेली.

१९८७ पासून कॉर्सो टेलिव्हिजनवर बोलू लागले. कोण जिंकणार हे १९९६ पासून ते त्या संघाच्या सोंगाचे भलेमोठे डोके स्वतःच्या डोक्यावर चढवून सांगत. २००९ साली पक्षाघाताने काही काळ वाचाच गेली, तीही बोलण्यावर पोट असलेल्या माणसाची! पण त्याच वर्षी ते परतले, आणि अडखळत का होईना, २०२५ मध्ये नव्वदी गाठेपर्यंत बोलत राहिले.

वाचकहो, दिवाळीत आपण तरी दुसरे काय करतो? वर्षभराच्या हारीत चार दिवसांची आघाडी दिसली, की दिवे लावून घेतो!