जुन्या विजेरीस नवा दीप

घरांतील जुन्या वस्तूंची बाजू आम्ही या सदरांत वरचेवर घेतों, म्हणून कांहीं स्नेही आम्हांस थट्टेनें 'अडगळीचे कैवारी' म्हणतात. तें बिरुद आम्हीं आनंदानें स्वीकारलें आहे. आज सांगावयाच्या प्रसंगांत मात्र थट्टेस जागा नाहीं.

गेल्या आषाढांत आम्ही उभयतां कोंकणांतील आमच्या जुन्या घरीं होतों. रात्रीं नऊच्या सुमारास वीज गेली. परसांत वासरूं हंबरूं लागलें, म्हणून आमच्या कुटुंबानें खुंटीवरची विजेरी घेऊन मागील दार उघडलें. ती विजेरी पितळेची, दोन मोठ्या सेलांची, आमच्या वडिलांच्या वेळची. कळ दाबतांच एक मळकट पिवळा ठिपका पडला आणि विझला. सुदैवानें आम्ही देवापुढील निरांजन घेऊन मागोमाग आलों होतों. त्या उजेडांत उंबरठ्याखालच्या पायरीवर फुरसें वेटोळें घालून बसलेलें दिसलें. तिचें पाऊल आणि तें विषारी जनावर यांमध्यें वीतभरहि अंतर नव्हतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दोष विजेरीचा नव्हता. चार महिन्यांपूर्वीं घातलेले सेल आम्हीं पुन्हां पाहिलेच नव्हते.

नवी विजेरी आणावी, असें चिरंजीवांनीं दूरध्वनीवरून सुचविलें, व तशी एक आणलीहि. परंतु वडिलांची वस्तु अडगळींत टाकण्यापूर्वीं तिचें उणें कशांत आहे तें पाहावें, असें आमच्या मास्तरी स्वभावास वाटलें. तिच्या दिव्याच्या मानेवर २.५ व्होल्ट, ०.३ अँपियर असे आंकडे होते. या दिव्यांतील टंग्स्टनची बारीक तार तापून प्रखर होते, तेव्हां उजेड पडतो. पण खर्च होणाऱ्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेंत जातो, शेंकडा पांचाहूनहि कमी भाग प्रकाशाच्या वांट्यास येतो. एल्. ई. डी.ची जात निराळी. तेथें तार नाहीं कीं ती तापविणें नाहीं. अर्धवाहक स्फटिकांतून वीज वाहूं लागली कीं प्रकाश निघतो. तांबडा एल्. ई. डी. १९६२ मध्येंच झाला होता; तेजस्वी निळा साधावयास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें, आणि त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप चढविल्यावर पांढरा उजेड हातीं आला. या निळ्या दीपाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आम्हीं बाजारांतून पांच मिलिमीटरचे पांढरे एल्. ई. डी. आणले. पहिला दोन सेलांस जोडला. तो काजव्यासारखा मिणमिणला. तिसरा सेल वाढविला. लख्ख उजेड पडला! आम्हीं अभिमानानें कुटुंबास हांक मारली. ती येईपर्यंत दिवा विझला, तो कायमचाच.

शेवटीं बाजारांत रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याकडे गेलों. धातुरूपें येत नाहींत म्हणून यास आम्हीं अनेकदां बांकावर उभें केलें होतें. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, याला उंबरठा असतो. तीन व्होल्टांच्या बराच अलीकडे हा जवळजवळ वाहतच नाहीं. आणि उंबरठा ओलांडला, कीं किती वाहावें याचें त्याला भान राहत नाहीं. तें भान आपण बाहेरून द्यायचें." असें म्हणून त्यानें एक इवलासा रोध आमच्या तळहातावर ठेवला.

हिशेब सोपा आहे. तीन सेलांचे ४.५ व्होल्ट, दिव्यास लागतात सुमारें ३.२, उरले १.३. प्रवाह २० मिलिअँपियर हवा, तर ओहमच्या नियमाप्रमाणें रोध ६५ ओहम. बाजारांत ६८ चा मिळतो. हा नियम १८२७ मध्यें मांडणारा ओहम हाहि शाळामास्तरच होता, एवढेंच काय तें आमचें समाधान!

कृति अशी. जुना दिवा जाड फडक्यांत गुंडाळून त्याची कांच फोडावी व आंतील बूड साफ करावें. एल्. ई. डी.चा लांब पाय धन असतो. त्यास रोध जोडून तो बुडाच्या मधल्या टोंकास डाख द्यावा, व आंखूड पाय आट्याच्या कडेस. जुन्या दिव्यास उलटसुलट चालत असे, यास चालत नाहीं. तीन बारीक सेल प्लॅस्टिकच्या घरट्यांत एकापुढें एक जोडले, तर मोठ्या सेलाच्या जाडींत ते बसतात. धातूच्या अंगास ते चिकटूं नयेत म्हणून भोंवतीं पुठ्ठ्याची नळी घालावी. उरलेल्या लांबींत लांकडी ठोकळा बसवून त्यांतून काढलेली तांब्याची तार तळच्या स्प्रिंगेस टेकवावी.

हा उजेड माडाच्या शेंड्यापर्यंत पोंचत नाहीं. पुढचीं चार पाउलें मात्र स्वच्छ दाखवितो. जुन्या दिव्याच्या पंधराव्या हिश्शाइतकाच प्रवाह लागत असल्यानें चांगले अल्कलाइन सेल शंभर तासांच्या आसपास सहज टिकावे. घर बंद करून निघतांना मात्र ते काढून ठेवावे. नाहीं तर पाझरून पितळ खातात.

संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे: उंबरठ्यावरचा दिवा घर व अंगण दोन्ही उजळतो. तो आम्हीं तीस वर्षें मुलांना शिकविला. आपल्या उंबरठ्यावरचा दिवा पेटतो कीं नाहीं, हें मात्र पाहिलें नाहीं. आतां दर संकष्टीस चंद्रोदयाची वाट पाहतांना आमचें कुटुंब विजेरी आमच्या हातीं देतें, आणि आम्ही निमूटपणें कळ दाबून दाखवितों.