सर्वानुमते म्हणजे कुणाच्या मते?

ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात एक शब्द पानापानावर सापडतो. सर्वानुमते. गटार बांधायचं, सर्वानुमते. खांबावरचा दिवा बदलायचा, सर्वानुमते. देवळापुढं फरशी घालायची, सर्वानुमते. मागासवर्गीय वस्तीत नळाला पाणी येत नाही, ह्या विषयावर ‘चर्चा होऊन पुढील सभेत विचार करण्याचे ठरले’, तेही सर्वानुमते. म्हणजे आमच्या घशाला कोरड आहे आणि ती तशीच राहू द्यावी असं आमचंही मत आहे, हे त्या वहीत निळ्या शाईनं लिहिलंय. खाली सह्या. त्यातली एक आमच्या राखीव मेंबरची.

ह्या एका शब्दाशी मला भांडायचंय.

तुम्ही म्हणाल, गड्या, देशात काय चाललंय आणि तू गटाराच्या ठरावावर लिहितोस. लिहितो. अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो, तहसीलवर धडकतो, घोषणा देऊन घसा बसवतो. ते करायलाच पायजे. पण अत्याचार काय रोज होत नाही. रोज काय होतं? पाणी कुठल्या आळीला आधी सुटतं ते होतं. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव वर सरकतं, कुणाचं खाली, ते होतं. आठ-अच्या उताऱ्यावर घर चढतं का नाही, ते होतं. हे सगळं शिव्या न देता, हात न उगारता, पंख्याखाली बसून, चहा पीत होतं. जातीनं आता आवाज चढवायचं सोडलंय. ती ठराव लिहिती.

मी गिरणीत राबतो. मस्टरवर हजेरी लागली नाही तर आठ तास मशीनपुढं उभं राहून कानाचे पडदे फाटले तरी तो दिवस भरला नाही, हे आम्हा कामगाराला कुणी शिकवावं लागत नाही. लिहिलं तेच झालं, न लिहिलेलं झालंच नाही. पंचायतीचं मस्टर म्हणजे ते प्रोसिडिंग. त्यात आपला खाडा लागत नाही, ह्याचंच मला भ्या वाटतं. आपली हजेरी लागलेली असती आणि तीबी त्यांच्या बाजूनं.

बाबासाहेबांनी गावाला काय म्हटलं ते आपल्याला पाठ आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गोडव्याचं सोंग फाडलं आणि मसुद्यानं गाव सोडून व्यक्ती हा पाया धरला ह्याचा आनंद बोलून दाखवला. जयंतीला स्टेजवरून आपण हे दणकावून सांगतो. पण त्याच्या सोळा वर्षं आधीचं भाषण कोण वाचतो? ६ ऑक्टोबर १९३२. मुंबईचं कायदे कौन्सिल. पुणे करारावर २४ सप्टेंबरला सह्या झालेल्या, त्याला पंधरवडाही झाला नव्हता. विषय ग्रामपंचायतीचं बिल. बाबासाहेब उभे राहिले आणि जातीनं बांधलेल्या, उच्चनीचतेत मुरलेल्या गावाच्या हातात न्यायाचा अधिकार देऊ नका म्हणून सांगितलं. सगळ्या प्रौढांना मत दिलं तरी तेवढ्यानं अल्पसंख्याचं रक्षण होत नाही, राखीव प्रतिनिधी पायजे, हेही मांडलं. पंचायत नकोच म्हणून ते उठून गेले नाहीत. कलमागून कलम धरून भांडले. १९४८ च्या त्याच नोव्हेंबरात पंचायतीचं कलम ४० घटनेत आलं, ती दुरुस्तीही त्यांनी मान्य केली.

राज्याच्या कायद्यात आपल्या जागा होत्या. पण त्याला घटनेची हमी मिळाली ती ७३ व्या दुरुस्तीनं, २४ एप्रिल १९९३ पासून. १९३२ ला मागितलेलं, साठ वर्षं लागली. म्हणून ‘बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं, मग पंचायतीचं काय घेऊन बसलास’ असं जे आपलेच शहरातले शहाणे म्हणतात, त्यांना माझं विचारणं आहे : तुम्ही सोडलं, बरं केलं. तुमची आई कुठं आहे? तिचं रेशन, तिचं घरकुल, तिच्या सरणाची जागा कुणाच्या सहीवर आहे?

१९५८ सालचे दोन कायदे बघा. एकानं कनिष्ठ गाव वतनं रद्द केली. महार वतनाच्या जोखडावर बाबासाहेबांनी १९२८ ला कौन्सिलात बिल आणलं होतं, तेव्हापासूनची तीस वर्षांची लढाई. दुसरा कायदा ग्रामपंचायतीचा. एकाच साली आमच्या हातातली येसकराची काठी गेली आणि गावाच्या हातात पंचायतीचा शिक्का आला. काठी गेली ह्याचा आनंद केला, करायलाच पायजे होता. शिक्क्याकडं मात्र आपलं लक्ष गेलं नाही. पूर्वी चावडीच्या बैठकीची हाळी आमचा म्हातारा द्यायचा आणि बैठक सुरू झाली की पायरीखाली उभा राहायचा. आता हाळी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जाते आणि त्या ग्रुपात आमच्या वस्तीतले तीन नंबर आहेत. तिघंबी सरपंचाच्या ट्रॅक्टरवर.

तर ग्रामसभा कशी होते ते सांगतो. गाव कुठलं? नाव कशाला, तुमच्याच गावाचं घाला.

कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा. सात दिवस आधी नोटीस. कोरम म्हणजे गावच्या मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, ह्यातला कमी असेल तो आकडा. दिवस उजाडतो. झेंडा होतो, पोरं गोळ्या खाऊन पळतात, सभेला वीस-बावीस टाळकी. अर्धा तास वाट बघितल्यासारखं करतात. मग ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’. आणि गंमत इथं आहे. तहकूब सभेला कोरम लागत नाही. पाच माणसं बसली तरी सभा कायदेशीर. मग कुठल्या तरी मंगळवारी दुपारी, आपली माणसं रानात असताना, ती पाच माणसं बसतात आणि वर्षाचा आराखडा मंजूर. २०१५ पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. त्याची वाटणी त्या मंगळवारी होते. वहीत काय? ग्रामसभेने सर्वानुमते मंजुरी दिली.

कोरम मोडतो असं म्हणायचं कशाला? मोडूनच घेतात की. न आलेली माणसं हीच त्यांची ताकद.

सर्वानुमतेचा सख्खा भाऊ म्हणजे बिनविरोध. पेपरात फोटो येतो, गुलाल, ‘गावाने आदर्श घातला’. कसला आदर्श? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक रद्द करावी लागली, कारण तिथं सरपंचपदाचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर, देवळाच्या कामासाठी. जिथं बोली लागते तिथं रोजंदारीवाला उभा राहील का? देवाचं नाव पुढं केलं की विरोध करणारा धर्मबुडवाच ठरतो. सापडले ते दोन. बाकीच्यांची बोली पारावर, शब्दावर होते, तिला पावती नसते.

आणि तिसरा भाऊ तंटामुक्ती. १५ ऑगस्ट २००७ ला सरकारनं मोहीम काढली. गावातले तंटे गावात मिटवा, बक्षीस घ्या. बांधाचा तंटा मिटवा, भावकीचा मिटवा, आमचं काही म्हणणं नाही. पण पोराला जातीवरून मारलं तर तो तंटा नाही, गुन्हा आहे. अॅट्रॉसिटीची तक्रार द्यायला निघालेल्या बापाला गाठून ‘गावाचं बक्षीस जाईल’ म्हणणारा अध्यक्ष हे त्या मोहिमेचं खरं तोंड आहे. बाबासाहेबांनी न्यायाचा अधिकार गावाच्या हातात देऊ नका म्हटलं होतं. पंचाहत्तर वर्षांनी तो हार-तुऱ्यासकट दिला.

आता आपल्या मेंबरकडं वळू. राखीव जागेवर कोण निवडून येतो? वाड्याला चालतो तो. सही कुठं करायची एवढंच विचारतो तो. त्याला शिव्या देणं सोपं आहे, मीपण देतो. पण तमिळनाडूतल्या मेलवळवूची गोष्ट ध्यानात ठेवा. तिथं पंचायतीचं अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झालं, मुरुगेसन निवडून आले, आणि ३० जून १९९७ ला त्यांना आणि आणखी पाच जणांना दिवसाढवळ्या कापलं. त्याच मदुरै भागातल्या पाप्पापट्टी, कीरिपट्टीत राखीव पदाची निवडणूक दहा वर्षं धड होऊ दिली नाही, ती २००६ ला झाली. खुर्ची राखीव झाली म्हणून खुर्चीभोवतीचं गाव बदलत नाही. आपला मेंबर गप्प का, ह्याचं अर्धं उत्तर त्याच्या लाचारीत आहे आणि अर्धं त्याच्या चुलीत.

आमच्या वस्तीतली एक मावशी मेंबर झाली. पन्नास टक्के बायका म्हणून आलेली, अंगठाबहाद्दर, खुरपायला जाणारी. पहिले सहा महिने दाराशी सतरंजीवर बसायची. एका सभेत आमच्या वस्तीचा पाण्याचा विषय पुन्हा ‘पुढील सभेत’ गेला. ग्रामसेवकानं वही पुढं केली. (२०२४ पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. काम तेच.) मावशी म्हणाली, “भाऊसाहेब, माझं नाव घालून लिवा, हिला पसंत न्हाई.”

“मावशी, एकमतानं असलं की बरं दिसतं.”

“दिसूद्या वंगाळ. मी अंगठा मग लावती.”

खोलीत कुणी बोललं नाही. उपसरपंच हसला. शेवटी लिहिलं : सदर ठरावास सदस्या यांनी विरोध नोंदविला. दुसऱ्या दिवसापासून मावशीला बारा दिवस कुणी खुरपायला बोलावलं नाही. रात्री दारात येऊन कुणी धमकावलं नाही, वाळीत टाकल्याची दवंडी नाही. नुसतं बोलावलं नाही. ह्याचा पंचनामा कसा करणार? तिच्या घरात तेरावा दिवस कसा उजाडला असता ते सांगता येत नाही; आम्ही गिरणीतल्या चौघांनी पैसे पाठवले म्हणून निभावलं. पाणी आलं का? नाही, लगेच नाही आलं. पण ती ओळ वहीत आहे. मी माहितीच्या अधिकारात पानाची नक्कल काढली आणि जिल्हा परिषदेला अर्ज केला तेव्हा साहेबाला ‘सर्वांची संमती आहे’ असं म्हणता आलं नाही. त्या एका ओळीमुळं. पाहणी झाली, वस्तीपर्यंत मोठा पायीप धरला. आता एक दिवसाआड सुटतं. टोकाची घरं अजून हंडे घेऊन वरच्या आळीला जातात.

मध्यंतरी आमच्या वस्तीचं नाव बदललं. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं जातीची नावं असलेल्या वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, त्याप्रमाणं पाटी लागली, भीमनगर. पाटीचा फोटो काढायला सगळी बॉडी हजर होती. पायीप टाकायच्या दिवशी कुणी नव्हतं.

पैशाचंही सांगायला पायजे. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे, हा नियम आहे. तुमच्या गावात ते कुठं जातात? आमच्याकडं तीन वर्षं ते समाजमंदिराच्या रंगात गेले. एकाच भिंतीला तीनदा रंग. उरलेले जयंतीच्या मंडपाला ‘मदत’ म्हणून, आणि मदत घ्यायला आपलीच पोरं फेटे बांधून गेली. अरे, आपलाच पैसा, तो सरपंचाच्या हातानं पाकिटात घ्यायचा आणि वर बॅनरवर त्याचा फोटो टाकायचा? डीजेच्या भिंतीपुढं नाचताना नळ कोरडा आहे हे ऐकू येत नाही, म्हणून तर ते डीजेला पैसे देतात.

गायरानाचं तर सरळ मरण आहे. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीन तुरुंगात गेले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. पण पुरावा आणा म्हणतात. पुरावा कुठं असणार? पंचायतीच्या दप्तरात. आणि ते दप्तर तीस-चाळीस वर्षं कुणी लिहिलं? ज्यांना ते गायरान पायजे होतं त्यांनी. त्या वर्षांत आपल्या एखाद्या मेंबरनं ‘अमुक गटात अमुक माणूस पेरतो’ एवढी एक ओळ लिहून घेतली असती तर आज नातवाला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

म्हणून पोरांनो, आता हिशेब करू. समजा गावात नऊशे मतदार. पंधरा टक्के म्हणजे एकशे पस्तीस, म्हणजे कोरमला शंभर पुरेत. आमच्या वस्तीत एकशे चाळीस मतदार आहेत. गावातून एकही माणूस आला नाही तरी आम्ही एकटे ग्रामसभा भरवू शकतो. हे मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं तेव्हा रात्रपाळीत मला हसू आलं. साठ वर्षं ते कोरम मोडतात आणि कोरम तर आमच्याच वस्तीत झोपलाय.

अडचण आहे. २६ जानेवारीला निम्मी वस्ती ऊसतोडीला असते, टोळ्या कारखान्यावर. त्या सभेत आपण भरत नाही. २ ऑक्टोबरला टोळ्या निघायच्या घाईत, मुकादम उचलीचा हिशेब घेऊन दारात. राहिल्या दोन, १ मे आणि १५ ऑगस्ट. १ मे ला माणसं परत आलेली असतात, रानात काम नसतं, बायका घरी असतात. त्यांना आणा, आधी बायकांना आणा, नळाचं त्यांना जास्त कळतं. अर्ज आधी द्या, पोच घ्या, कारण तहकूब झाली तर पुढच्या सभेत नोटिशीवर नसलेला विषय घेत नाहीत. रजिस्टरवर सही करताना खालची ओळ कोरी सोडू नका.

१ मे च्या सभेची नोटीस २४ एप्रिलपर्यंत लागली पायजे. त्या दिवशी सकाळी पंचायतीच्या फळ्याचा फोटो काढून ठेवा, नोटीस असली तरी आणि नसली तरी.